पुरुषाचीही तपासणी पहिल्या दिवशी व्हावी: गोव्याच्या आरोग्य खात्याला खुले पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, आरोग्य सचिव, आरोग्य सेवा संचालक,
तसेच गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता,
गोवा राज्य.

विषय: वंध्यत्वाच्या उपचारांत पतीची तपासणी, त्याची जीवनपद्धती आणि त्याचे मानसिक आरोग्य यांना पहिल्या भेटीपासून स्थान मिळण्याबाबत.

महोदय,

२०२३ साली बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, सरकारने आयव्हीएफचे (शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडण्याचे) उपचार मोफत सुरू केले, तेव्हा आमच्या घरात ती बातमी दोनदा वाचली गेली. एकदा मी वाचली आणि मग माझ्या हातून वर्तमानपत्र घेऊन पत्नीने वाचली. खासगी इस्पितळात लाखांच्या घरात जाणारा हा खर्च सरकारने उचलावा ही लहान गोष्ट नाही, आणि त्याबद्दल मी आपले मनापासून आभार मानतो. आमच्यासाठी मात्र तोपर्यंत उशीर झाला होता. हा उशीर पैशांमुळे जितका झाला त्याहून अधिक एका न विचारलेल्या प्रश्नामुळे झाला. सलग चार वर्षे माझ्या पत्नीच्या तपासण्या होत राहिल्या आणि त्या चार वर्षांत एकाही डॉक्टरने मला ‘तुमची तपासणी झाली आहे का’ असे विचारले नाही. मीही आपणहून तो विषय काढला नाही, आणि त्याचा दोष माझा आहे. हे पत्र मी पत्नीला आधी वाचून दाखवले आहे. तिने दोन वाक्ये खोडायला सांगितली, ती खोडली आहेत. बाकीचे तिच्या संमतीने लिहीत आहे.

मी डिचोली तालुक्यातला. खनिजाच्या वजनकाट्यावर कारकून होतो. आमच्या भागात त्या काळी जवळपास प्रत्येक वाड्यावर कोणाचा ना कोणाचा ट्रक खनिज वाहत असे. मीही एका मित्राच्या भागीदारीत कर्ज काढून ट्रक घेतला आणि २०११ साली लग्न केले. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. ट्रक अंगणात फणसाखाली उभा राहिला, हप्ते मात्र थांबले नाहीत. पुढे वेर्णा औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गोदामात रात्रपाळी मिळाली. कंपनीच्या बसने येऊन-जाऊन पाच तास मोडत, दिवसा घरात झोप चार तासांवर जात नसे. ती चार तासांची झोप यावी म्हणून सकाळी घरी आल्यावर मी दारू घेऊ लागलो. सुरुवातीला एक पेग, मग त्याचे तीन झाले. वजन चौदा किलोंनी वाढले. रविवारी अंगणातल्या ट्रककडे बघत बसलो की छातीवर कोणीतरी बसल्यासारखे वाटे. त्याला उदासीनतेचा आजार म्हणतात हे मला फार नंतर कळले. तेव्हा मी त्याला कर्जाची काळजी एवढेच समजत होतो. २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि मधल्या काळात पुन्हा लागलेली थोडीशी आशाही गेली.

याच वर्षांत, २०१४ पासून, माझी पत्नी इस्पितळाच्या फेऱ्या घालत होती. तिच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. पाळीचे दिवस मोजून सोनोग्राफी झाली, तीही एका महिन्यात चार-चारदा. गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहण्यासाठी औषध आत सोडून एक्स-रे काढला गेला, आणि त्या दिवशी ती बसस्टॉपवर पोट धरून खाली बसली होती. मग दुर्बिणीतून तपासणी झाली, त्यासाठी भूल दिली गेली. हे सगळे तिच्या शरीरावर होत असताना तिच्या केस पेपरवर माझे अस्तित्व ‘पतीचे नाव’ या एका ओळीपुरते होते. पुरुषाची प्राथमिक तपासणी म्हणजे वीर्याचा एक नमुना देणे. तिला भूल लागत नाही, टाका लागत नाही आणि काही शे रुपयांत ती होते. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कोणती आधी व्हायला हवी होती हे सांगायला वैद्यकशास्त्र लागत नाही. आणि वैद्यकशास्त्रही तेच सांगते की, दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू करावी, कारण मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा स्त्रीकडच्या कारणासोबत आढळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जाहीर केल्याप्रमाणे जगात दर सहांपैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. एवढ्या मोठ्या संख्येच्या दुखण्यात अर्धे कारण दाराबाहेर बाकावर बसवून ठेवणे कोणाच्याच हिताचे नाही.

माझी तपासणी २०१८ मध्ये सांगितली गेली, आणि तीही नव्याने आलेल्या एका तरुण डॉक्टर बाईंनी फाइल चाळताना सहज विचारले म्हणून. ती कशी झाली हे सांगणे मला अजूनही जड जाते, पण आपण या जागा बांधता आणि चालवता म्हणून सांगतो. नर्सने झाकणाची एक डबी हातात दिली आणि व्हरांड्याच्या टोकाचे शौचालय दाखवले. त्याची आतली कडी मोडलेली होती. तिच्या जागी बँडेजच्या कापडाची दोरी खिळ्याला गुंडाळायची होती. बाहेर रक्त द्यायला आलेल्यांची रांग होती. दोनदा कोणीतरी दार ढकलले. तिसऱ्यांदा ढकलले तेव्हा मी रिकामी डबी खिशात घालून बाहेर आलो आणि बरे वाटत नाही असे सांगून निघालो. पुन्हा तिथे जायला मला पाच महिने लागले. ते पाच महिने माझ्या पत्नीच्या वयातून गेले.

रिपोर्टमध्ये एका मिलीलिटरला सत्तर लाख शुक्राणू असल्याचे लिहिले होते. तेव्हा दीड कोटी ही खालची मर्यादा धरत असत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत ती एक कोटी साठ लाख आहे, आणि हालचाल करणारे शुक्राणू किमान ४२ टक्के असावेत असे तिथे म्हटले आहे. हे आकडे म्हणजे बाप होणार आणि न होणार यांच्यामधली भिंत नव्हे. ज्यांना वर्षभरात मूल राहिले अशा पुरुषांच्या नमुन्यांवरून काढलेली ती तळाची पातळी आहे. तिच्याखाली असूनही मुले झालेले पुरुष आहेत. शिवाय एका नमुन्यावरून निकाल देऊ नये, ताप येऊन गेला असेल तरी पुढचे काही आठवडे संख्या घटलेली दिसते, म्हणून तपासणी पुन्हा करावी लागते. यातले काहीही मला कोणी सांगितले नाही. रिपोर्ट हातात घेऊन मी पार्किंगमध्ये स्कूटरवर अर्धा तास बसलो होतो, आणि माझ्या डोक्यात एकच शब्द होता. तो शब्द मी इथे लिहीत नाही, कारण तो चुकीचा होता.

आपल्या बोलीत मूल न होणाऱ्या स्त्रीसाठी एक क्रूर शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे. पुरुषासाठी तसा शब्दच नाही. आणि जे शब्द वापरले जातात ते सगळे शरीरसंबंधाच्या असमर्थतेचे आहेत. शुक्राणूंची संख्या कमी असणे आणि संबंध ठेवता न येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; पहिली असलेल्या बहुतेक पुरुषांना दुसरी नसते. पण शब्द एकच असल्यामुळे गावात दोन्ही एकच समजल्या जातात, आणि म्हणून पुरुष तपासणीला जात नाही. तो जात नाही म्हणून बायकोची ओटी भरताना मागे कुजबुज होते, चवथीला माहेरी गेल्यावर तिला विचारणा होते, देवळात कौल तिच्या नावाने लावला जातो आणि गाऱ्हाणेही तिच्याच नावाने घातले जाते. आमच्याकडे सात वर्षे हेच झाले. आपल्या खात्याच्या फलकांवर, पत्रकांवर आणि आशा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात हा एक फरक स्पष्ट मराठी-कोकणीत लिहिला गेला, तरी कितीतरी घरांतले ओझे योग्य खांद्यांवर वाटले जाईल.

आता ज्या कारणासाठी मुख्यतः हे पत्र लिहीत आहे त्याकडे येतो. पुरुषाच्या शरीरात एक शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात आणि पुढे परिपक्व होऊन बाहेर पडण्याजोगा होईपर्यंत सुमारे तीन महिने जातात. याचा अर्थ असा की, आज दिलेला नमुना हा गेल्या तीन महिन्यांच्या आयुष्याचा हिशेब असतो. त्या काळातली झोप, दारू, तंबाखू, ताप, उष्णता आणि मनावरचा ताण या सगळ्याचा काही ना काही अंश त्यात उतरतो. अंडकोष शरीराबाहेर असण्याचे कारणही हेच आहे की, त्यांना बाकीच्या शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. हॉटेलच्या स्वयंपाकघरात तंदूरजवळ उभा राहणारा, पाव भाजणारा पोदेर, इंजिनाच्या उष्णतेवर दहा-दहा तास बसणारा बस किंवा ट्रक चालक, वेल्डर, हे सगळे आपल्याच राज्यातले कामगार आहेत, आणि त्यांना ‘तुम्ही काय काम करता’ एवढा प्रश्न तरी या संदर्भात विचारला गेला पाहिजे.

मनाचे आणि बीजाचे नाते अनेकांना कल्पनेतले वाटते. मलाही वाटत होते. ताण दीर्घकाळ टिकला की शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढलेले राहते, आणि मेंदूतून अंडकोषांना जो संप्रेरकांचा निरोप जातो, ज्यावर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक आणि शुक्राणूंची निर्मिती अवलंबून असते, तो निरोप मंदावतो. डेन्मार्कमध्ये १,२१५ तरुणांच्या पाहणीत ज्यांनी सर्वाधिक ताण सांगितला त्यांच्या वीर्याची गुणवत्ता इतरांपेक्षा खालची आढळली. अमेरिकेत १९३ पुरुषांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात दोन किंवा अधिक मोठे आघात सोसलेल्यांच्या शुक्राणूंची हालचाल कमी दिसली, आणि त्याच अभ्यासात बेकार पुरुषांच्या वीर्याची गुणवत्ता नोकरी असलेल्यांपेक्षा कमी होती, मग त्यांनी ताण किती सांगितला याला महत्त्व नव्हते. हे वाचले तेव्हा मला आमचे डिचोली, सत्तरी आणि सांगे डोळ्यांपुढे आले. खाणबंदीनंतर आमच्या तालुक्यांतील किती तरुण नवऱ्यांच्या घरांत पाळणा हलला नाही याची मोजदाद कोणी केलेली नाही, आणि अशा अभ्यासांवरून थेट कार्यकारण सिद्ध होते असा दावाही मी करणार नाही. पण विचारायला हवे होते, एवढे तरी त्यावरून नक्की ठरते.

याहून ठळक गोष्ट २०१८ साली पुढे आली. अमेरिकेत वंध्यत्वासाठी आयव्हीएफखेरीजचे उपचार घेणाऱ्या जोडप्यांच्या अभ्यासात, ज्यांत १,६०० हून अधिक पुरुष होते, तीव्र नैराश्य असलेल्या पुरुषांच्या जोडप्यांत गर्भधारणेची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळली. स्त्रीच्या नैराश्याचा मात्र गर्भधारणेच्या प्रमाणाशी तसा संबंध दिसला नाही. आमच्याकडे ‘तू टेन्शन घेऊ नकोस, म्हणजे राहील’ हे वाक्य माझ्या पत्नीने किती जणींकडून ऐकले त्याची गणती नाही. मला ते कोणीच म्हटले नाही, आणि मनाची तपासणी खरी माझीच व्हायला हवी होती.

इथे उपचारांनीच निर्माण होणाऱ्या एका त्रासाबद्दलही लिहिले पाहिजे. सोनोग्राफीनंतर चिठ्ठीवर तीन तारखा लिहून दिल्या जातात. त्या तीन रात्री संबंध आलाच पाहिजे. बारा तासांची रात्रपाळी उरकून, कर्जाची नोटीस खिशात ठेवून घरी आलेल्या माणसाला तारखेवर हुकूम सुटला की शरीर साथ देत नाही. एका महिन्यात तसे झाले की पुढच्या महिन्यात त्या भीतीनेच होत नाही. असे घडणे अगदी सामान्य आहे आणि समुपदेशनाने सुधारते, हे एका वाक्यात सांगणारा माणूस मला भेटला असता तर आमचे निदान सात-आठ महिने वाचले असते. आम्ही दोघे त्या काळात जेवताना सोडल्यास एकमेकांशी बोलत नव्हतो.

दारूबद्दल गोव्यात बोलणे अवघड आहे, कारण ती आपल्याकडे सणाला, पाहुण्याला आणि काजूच्या मोसमात हुर्राकाच्या रूपाने घरोघर असते, आणि ज्याचा ताबा सुटलेला नाही त्याला उपदेश करण्याचा मला हक्क नाही. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९-२१ मध्ये, गोव्यातील १५ वर्षांवरील सुमारे ३७ टक्के पुरुष मद्य घेतात आणि सुमारे १८ टक्के पुरुष तंबाखूच्या कोणत्या ना कोणत्या प्रकाराचे सेवन करतात. जास्त दारू टेस्टोस्टेरॉन घटवते आणि शुक्राणूंच्या निर्मितीला थेट बाधा आणते. तंबाखूच्या धुरातले कॅडमियमसारखे धातू आणि त्यातून होणारा ऑक्सिडेशनचा मारा शुक्राणूंच्या डीएनएपर्यंत पोहोचतो. पोटाभोवतीची चरबी टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकात रूपांतर करते. व्यायामशाळांतून तरुण मुले पिळदार शरीरासाठी जी टेस्टोस्टेरॉनची आणि तत्सम स्टेरॉइडची इंजेक्शने घेतात, त्यांचा धोका तर वेगळाच आहे: बाहेरून संप्रेरक मिळू लागले की शरीर आपली निर्मिती थांबवते, शुक्राणूंची संख्या शून्यापर्यंत जाऊ शकते, आणि इंजेक्शन बंद केल्यावर ती परत यायला अनेक महिने, कधी वर्षाहूनही अधिक लागतात. बाहेरून मर्दानी दिसणारे शरीर आतून नेमके उलटे झालेले असते. ही गोष्ट बावीस वर्षांच्या मुलाला त्याच्या व्यायामशाळेच्या भिंतीवर वाचायला मिळाली पाहिजे, आणि ही इंजेक्शने चिठ्ठीविना विकणाऱ्यांवर अन्न व औषध प्रशासनाने नियमित तपासण्या केल्या पाहिजेत.

असे असले तरी एक सावधगिरी मी आग्रहाने मांडतो, कारण माझ्यासारख्याच्या पत्राचा गैरवापर होऊ शकतो. प्रत्येक पुरुष-वंध्यत्व जीवनपद्धतीमुळे नसते. अंडकोषाच्या शिरा फुगण्याचा व्हेरिकोसील हा दोष साधारण १५ टक्के पुरुषांत असतो आणि मूल न होणाऱ्या पुरुषांत त्याचे प्रमाण दुपटीहून अधिक आहे. काहींत नलिका बंद असते, काहींत जनुकीय कारण असते, काहींना गालगुंडाचा संसर्ग अंडकोषापर्यंत गेलेला असतो. अशा माणसाला ‘दारू सोडा, मन प्रसन्न ठेवा’ एवढे सांगून सहा महिने घरी पाठवणे हा त्याच्यावर आणि त्याच्या पत्नीच्या वयावर अन्याय आहे. तपासणी आधी, सल्ला तिच्यासोबत. तसेच औषध दुकानांतून विकली जाणारी शक्तिवर्धक चूर्णे आणि गोळ्या ही तपासणीची जागा घेऊ शकत नाहीत. जस्त आणि फॉलिक ॲसिड रोज देऊन २,३७० जोडप्यांवर केलेल्या अमेरिकेतील चाचणीचा निकाल २०२० साली आला आणि त्यात मूल होण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. मी स्वतः तशा डब्यांवर एका वर्षात केलेला खर्च वीर्याच्या कितीतरी तपासण्यांना पुरला असता.

नैराश्याची औषधे घेणाऱ्यांसाठीही दोन शब्द. त्यांतली काही औषधे कामेच्छेवर आणि स्खलनावर परिणाम करतात. पॅरॉक्सेटिनसारख्या औषधाने शुक्राणूंच्या डीएनएची मोडतोड वाढू शकते असे दिसले आहे. म्हणून कोणी परस्पर गोळ्या बंद केल्या तर आजार उलटून येतो, आणि तो आजार या औषधापेक्षा घातक आहे. हा निर्णय मानसोपचारतज्ज्ञ आणि वंध्यत्वाचे डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलून घ्यायचा असतो. बांबोळीला गोमेकॉ आणि मनोविकार व मानवी वर्तन संस्था यांच्यामध्ये चालत जाण्याएवढे अंतर आहे. एकाच रुग्णाची फाइल तेवढे अंतर का पार करत नाही, हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो.

माझे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. त्या तरुण डॉक्टर बाईंनीच मला मानसोपचार विभागाची चिठ्ठी दिली. मी दिवसपाळी मागून घेतली, पगार कमी झाला. ट्रक भंगारात विकला. दारू सुटायला दोनदा प्रयत्न करावा लागला. आठ महिन्यांनी केलेल्या तपासणीत संख्या एक कोटी तीस लाखांवर आली होती. ती झोपेमुळे वाढली, दारू सोडल्यामुळे, औषधांमुळे, की नैसर्गिक चढउतारामुळे, हे मी सांगू शकत नाही. दरम्यान पैसे साठवण्यात आणि मग कोविडमध्ये वेळ गेला, २०२१ साली खासगी इस्पितळात एकदा आयव्हीएफ केले, ते टिकले नाही. पत्नीचे वय तेव्हा ३७ होते. गोमेकॉचे केंद्र सुरू झाले तेव्हा ३९. दुसऱ्यांदा त्या सगळ्यातून जायचे नाही हे तिने ठरवले आणि मी ते मान्य केले.

महोदय, आता मागणीकडे येतो, आणि ती करताना मला परदेशाचे दाखले देण्याची गरज नाही. पुरुष मन मोकळे करत नाहीत, समुपदेशनाला येत नाहीत, दारूबद्दल बोलत नाहीत, असे म्हणणाऱ्यांना गोव्यानेच उत्तर दिलेले आहे. आपल्याच राज्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, घातक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या जवळपास पावणेचारशे पुरुषांवर एक चाचणी झाली आणि तिचा निकाल २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती, आणि बैठका फार तर चार. तीन महिन्यांनंतर, आधीच्या चौदा दिवसांत दारूला अजिबात न शिवलेल्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्यांत ४२ टक्के होते, तर न मिळालेल्यांत १८ टक्के. त्याच काळात, त्याच पद्धतीने नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकांचा कार्यक्रमही गोव्याच्या आरोग्य केंद्रांत यशस्वी ठरला. म्हणजे पद्धत इथली, माणसे इथली, केंद्रे आपली. त्या तीन महिन्यांच्या कालावधीकडे पुन्हा पाहा: शुक्राणूंची एक पिढी घडायला लागणारा काळही तेवढाच आहे.

म्हणून माझी विनंती अशी की, मोफत आयव्हीएफच्या योजनेत नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक जोडप्यातील पतीची वीर्य तपासणी आणि शारीरिक तपासणी पत्नीच्या पहिल्या तपासणीबरोबरच व्हावी, आणि तिच्यावर कोणतीही शस्त्रक्रिया त्याचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय ठरू नये. प्रतीक्षेचा जो काळ तसाही जातोच, त्यात पतीला प्रशिक्षित समुपदेशकाच्या बैठका मिळाव्यात. झोप, कामाची पाळी, दारू, तंबाखू, वजन, कर्ज, नोकरी आणि मनाची अवस्था यांबद्दल त्याला विचारले जावे. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्याने जोडप्याचे समुपदेशन हे दवाखान्यांचे कर्तव्य ठरवलेलेच आहे; ते फक्त संमतीपत्रावर सही घेण्यापुरते उरू नये. ज्या पुरुषाला समोरासमोर बोलणे जमत नाही त्याला टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक डबीबरोबरच छापील चिठ्ठीवर मिळावा. नमुना घरी घेतला तर तो तासाभराच्या आत आणि अंगाच्या उबेत प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. सत्तरीच्या डोंगराळ गावातून किंवा काणकोणहून बांबोळीपर्यंत ते शक्य नाही, म्हणून निदान जिल्हा इस्पितळांत आणि उपजिल्हा इस्पितळांत ही सोय असावी. कारखान्यांच्या आणि कॅसिनोंच्या रात्रपाळीवर काम करणाऱ्यांना उपचारांच्या काळात दिवसपाळी मागता यावी, यासाठी कामगार खात्याशी आपण बोलावे. सहा-सात महिने बोटीवर असणाऱ्या तारवटींना सुट्टीच्या मोजक्या आठवड्यांत तपासणीची तारीख आधी मिळावी. हा शेवटचा मुद्दा मला सासष्टीतल्या एका सहकाऱ्याने सुचवला, आणि तो बरोबर आहे.

यातले काही खर्चाचे आहे हे मी जाणतो. ज्याला फारसा खर्च नाही असे दोन बदल आपण याच महिन्यात करू शकता. पहिला केस पेपरचा. पुढच्या छपाईत ‘पतीचे नाव’ या ओळीखाली त्याचे वय, काम, कामाची पाळी, व्यसन, आजार, चालू औषधे आणि वीर्य तपासणीची तारीख यांसाठी रकाने ठेवा. रकाना रिकामा दिसला की कोणीतरी विचारतो. दुसरा बदल त्या व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीचा. नमुना देण्यासाठी शौचालय नको, वेगळी स्वच्छ खोली द्या, तिला रांगेपासून दूर ठेवा, आणि तिच्या दाराला आतून लागणारी कडी बसवा.

आपला विश्वासू,
डिचोली तालुक्यातील एक नागरिक